बाळ रडणार नाही, घाबरू नका असं आधीच सांगणारं हॉस्पिटल

इथल्या फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाची तपासणी आणि उपचार) आणि एनआयसीयूबद्दल (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) लिहायचं कधीचं मनात होतं पण हात धजत नव्हता. आम्ही बार्शीचे. विसाव्या आठवड्याची अ‍ॅनॉमली सोनोग्राफी (बाळात काही व्यंग आहे का बघतात ती) करायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाळाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला डाव्या बाजूला भोक आहे, जठर आणि आतडी वर छातीत सरकलीत आणि हृदय उजवीकडे ढकललं गेलंय. तिथल्या डॉक्टरांनी (गाव आणि नाव सांगत नाही) रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं, हे बाळ ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी बघू. पाच मिनिटं पण बसून बोलले नाहीत. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले.

तीन दिवसांनी पुण्याला इथे आलो. फीटल मेडिसिनच्या डॉक्टर मॅडमनी परत सोनोग्राफी केली, पाऊण तास, आणि मग फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर चित्र काढून समजावलं. ह्याला डायफ्रॅग्मॅटिक हर्निया म्हणतात, साधारण २५०० ते ३००० बाळांमागे एकाला होतो, कुणाच्या खाण्यापिण्यानं किंवा ग्रहणात बाहेर पडल्यानं होत नाही. (हे वाक्य त्यांनी सासूबाईंकडे बघून दोनदा सांगितलं, कारण मी ग्रहणात भाजी चिरली होती आणि ते आमच्या डोक्यातून जात नव्हतं.) भोक तर शिवता येतं, खरा प्रश्न फुप्फुसांचा, जागाच नसल्यामुळे ती वाढत नाहीत. आमच्या बाळाचं फुप्फुस अपेक्षेच्या ३७ टक्के दिसत होतं. काही ठिकाणी फुप्फुसं वाढावीत म्हणून बाळ पोटात असतानाच श्वासनलिकेत फुगा बसवतात पण तुमचा आकडा तितका खाली नाही, म्हणाल्या. गर्भपाताचा कायदा काय सांगतो तेही सांगितलं, २४ आठवड्यांपर्यंत काय, त्यानंतर २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे मेडिकल बोर्ड कसं ठरवतं. कुठलीही घाई नाही, दबाव नाही, घरी जा, बोला, जे ठरवाल त्यात आम्ही बरोबर आहोत.

आम्ही ठेवायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, आई तुळजाभवानीनं दिलंय, ती बघेल. ह्यांचा देवावर तेवढा विश्वास नाही पण त्या दिवशी तेही काही बोलले नाहीत, फक्त माझा हात धरून बसले.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की इथे आमच्या श्रद्धेला कुणी हसलं नाही आणि कुणी तिचा फायदाही उठवला नाही. माझं गर्भजल वाढलेलं, दम लागायचा, तरी मी मंगळवार धरले होते. डाएटिशियनला कळल्यावर ती रागावली नाही, सासूबाईंना म्हणाली, आजी, हिच्या वाटचा उपास तुम्ही करा, हिला दोन घास जास्त द्या. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझे मंगळवार धरले आणि मी गपचूप जेवायला लागले. घरी दहा जणांनी सांगून ऐकलं नव्हतं.

३६ व्या आठवड्यात एनआयसीयूचे डॉक्टर स्वतः भेटायला आले. म्हणाले, जन्मल्यावर बाळाच्या रडण्याचा आवाज ऐकू येणार नाही, घाबरू नका, आम्हीच त्याला रडू देणार नाही, लगेच घशात नळी घालणार कारण रडलं की हवा पोटात जाते आणि वर सरकलेलं जठर फुगून फुप्फुसावर दाब येतो. हे आधी सांगितलं म्हणून मी ३८ व्या आठवड्यात त्या टेबलावर शुद्धीत राहिले. नाहीतर ती शांतता मला सहन झाली नसती.

चौथ्या दिवशी ऑपरेशन. पाचव्या दिवशी आमच्याकडे पाचवी पुजतात, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं. सासूबाई कागद घेऊन एनआयसीयूच्या दाराशी उभ्या. मला वाटलं आता सिक्युरिटी ओरडणार. रात्रपाळीच्या सिस्टर बाहेर आल्या, ऐकून घेतलं, म्हणाल्या बाहेरचं काही आत नेता येत नाही मावशी, इन्फेक्शन होतं, पण उद्याचा कोरा चार्ट मी आत्ताच पॅडला लावते, पेन पण तिथंच असतं. आणि काचेतून दिसेल असा लावला. सासूबाई पहाटेपर्यंत बाकावर बसून होत्या, मी वरच्या वॉर्डमध्ये टाक्यांनी अडकलेले, नाहीतर मीही बसले असते. तुळजापूरचा अंगारा पण आत नाही, पुडी बंद पिशवीत घालून त्यांनी बाळाच्या फाइलला लावली.

माझा चीक बोळ्यावर घेऊन बाळाच्या गालाच्या आतून लावायचे, दूध प्यायला बंदी होती तेव्हासुद्धा. दर तीन तासांनी काढून लेबल लावून द्यायचं, ते फ्रीजरमध्ये साठायचं. तेवढंच काय ते मी करू शकत होते आणि कुणी ते वाया जाऊ दिलं नाही.

शेजारच्या वॉर्मरवर २७ आठवड्यांचं बाळ होतं. त्याच्या आजोबांना गाऊन टोपी घालून आत नेलं, त्यांनी अगदी हळू आवाजात कानात अजान दिली. ते बाळ नवव्या दिवशी गेलं. त्यांनीही आमच्यासारखीच रात्रंदिवस प्रार्थना केली होती, म्हणून आमच्या नवसानं आमचं बाळ वाचलं असं मी कुणाला सांगत नाही, सासूबाईपण सांगत नाहीत. पडदा ओढून त्या आईला बाळ पोटाशी धरायला दिलं, दोन तास कुणी बिलाचं नाव काढलं नाही. त्या आईबरोबर मी अजून फोनवर बोलते.

आता खटकलेलं. नातेवाइकांना झोपायला जागा नाही, लोखंडी खुर्च्या, सासूबाईंची कंबर गेली. फोनवर एक डॉक्टर एक सांगतो, संध्याकाळचा दुसरं, एकदा नायट्रिक ऑक्साइड (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करायला श्वासातून देतात तो गॅस) बंद केलं म्हणाले आणि ते चालूच होतं, ती रात्र आम्ही कशी काढली आम्हालाच माहीत. डिपॉझिटसाठी रात्री अकराला फोन येतो, ते बंद करा कृपया. आणि पहिल्याच दिवशी सोशल वर्करला भेटा, ट्रस्टच्या हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, आम्हाला हे अकराव्या दिवशी कळलं, उत्पन्नाचा दाखला आणायला दिराला बार्शीला दोन चकरा माराव्या लागल्या. पाचपैकी चार स्टार त्यासाठी.

४१ व्या दिवशी घरी आलो, घरी पण दोन महिने ऑक्सिजन होता. आता सात महिने झालेत, वजन कमी आहे, दूध उलटून टाकतो, पुढच्या महिन्यात परत इको (हृदयाची सोनोग्राफी) आहे. नवरात्रात तुळजापूरला न्यायचं का विचारलं तर डॉक्टर म्हणाले गर्दीत नको, थंडी संपू दे. सासूबाईंनी लगेच मान हलवली आणि पिशवीतून ती अंगाऱ्याची पुडी काढून दाखवली, डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी आठवणीनं परत दिलेली.