रायझन ७ ५८००एच आणि झिऑन ई५-२६८० व्ही४ : ड्रोन सर्व्हेच्या कामात दोन्ही वापरून

झिऑन हा इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनचा प्रोसेसर, तर रायझन ७ ५८००एच हा एएमडीचा लॅपटॉपमधला. जुना झिऑन स्वस्तात मिळतो, त्याला १४ कोअर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) आहेत, म्हणजे रायझनच्या लॅपटॉपच्या ८ कोअरपेक्षा काम जवळजवळ दुप्पट वेगाने उरकेल, असा हिशेब आमच्या ड्रोन सर्व्हेच्या क्षेत्रात बरेच जण करतात. हा हिशेब चुकतो. मोठं काम असेल तर झिऑन घ्या असं मीही सांगते, पण माझं कारण वेगळं आहे.

मी सांगलीत राहते. कृष्णाकाठची गावठाणं, उसाची मोठी क्षेत्रं आणि दगडाच्या खाणी यांचं ड्रोन मॅपिंग करते. उड्डाण ही कामातली सोपी बाजू. खरी मेहनत नंतर असते. शेकडो, कधी हजारो फोटो ओपनड्रोनमॅप या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे आणि त्यातून ऑर्थोफोटो (मोजमापाला योग्य असा जोडलेला हवाई फोटो), पॉइंट क्लाउड (जागेचे त्रिमितीय बिंदू), उंचीचा नकाशा काढायचा. माझ्याकडे ५८००एच असलेला लॅपटॉप आहे आणि २६८० व्ही४ बसवलेलं सेकंडहँड वर्कस्टेशन आहे. एकच फोटोसंच दोन्हींवर चालवून पाहिला आहे, त्यावरून लिहिते आहे.

आधी दोघांची ओळख. रायझन ७ ५८००एच जानेवारी २०२१ मध्ये आला. ८ कोअर, १६ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), झेन ३ रचना, मूळ वेग ३.२ आणि कमाल ४.४ गिगाहर्ट्झ, १६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी), ४५ वॅटचा. चिप बोर्डवर सोल्डर केलेली असते, त्यामुळे पुढे प्रोसेसर बदलण्याचा प्रश्नच येत नाही. झिऑन २०१६ चा आहे, ब्रॉडवेल पिढीतला. १४ कोअर, २८ थ्रेड, मूळ वेग २.४ आणि कमाल ३.३ गिगाहर्ट्झ, ३५ एमबी एल३ कॅशे, १२० वॅट. इंटेलने तेव्हा त्याची किंमत १,७४५ डॉलर ठेवली होती. डेटा सेंटरं आपली यंत्रं बदलतात तेव्हा असे प्रोसेसर ढिगाने बाहेर पडतात, आणि मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला मूळ किमतीच्या अगदी लहानशा भागात मिळतात.

आता कोअरचा हिशेब. झिऑनचे चौदाही कोअर एकदम कामाला लागले की वेग २.९ गिगाहर्ट्झवर येतो. माझ्या लॅपटॉपचे आठ कोअर पूर्ण भारावर ३.६ च्या आसपास टिकतात. १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६, आणि ८ गुणिले ३.६ म्हणजे २८.८. कागदावर झिऑन बराच पुढे दिसतो. पण झेन ३ चा कोअर तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये ब्रॉडवेलपेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो. त्यामुळे सगळे कोअर लागणाऱ्या कामातही दोघं जवळपास बरोबरीला येतात, आणि एका कोअरच्या कामात लॅपटॉप सरळ पुढे निघून जातो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे टप्प्याटप्प्याने दिसतं. फोटोंमधले खुणेचे बिंदू शोधणं, ते एकमेकांशी जुळवणं आणि पुढे दाट पॉइंट क्लाउड बनवणं, ही कामं सगळ्या कोअरवर वाटली जातात. तिथे दोन्ही यंत्रांत फारसा फरक पडत नाही. मधला टप्पा मात्र वेगळा. कॅमेरा कुठे होता ते एकेक फोटो जोडत ठरवायचं असतं, आणि त्याचा बराचसा भाग मोजक्याच कोअरवर चालतो. झिऑनवर या वेळी सिस्टिम मॉनिटर उघडला तर बहुतेक कोअर मोकळे बसलेले दिसतात. तीनशे फोटोंचं शेत असेल तर लॅपटॉप आधी मोकळा होतो, दर वेळी. छोटी कामं करणाऱ्याने झिऑनच्या वाटेला जाऊच नये.

मग तो घ्यायचा कशासाठी? रॅमसाठी. मला जे सांगायचं आहे ते हेच.

ओपनड्रोनमॅपच्या मार्गदर्शिकेत अंदाज दिलेला आहे. ५०० फोटोंना ३२ जीबी, १५०० ना ६४ जीबी, २५०० ना १२८ जीबी. ५८००एच च्या लॅपटॉपवर रॅम ६४ जीबीपर्यंतच जाते, तेही दोन स्लॉट असतील आणि ३२ ची एकेक पट्टी बसवली तर. आमच्याकडे नदीकाठचं मोठं गावठाण किंवा दोन गावांचं सलग क्षेत्र घेतलं, त्यात ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंमध्ये दिसणारा सामाईक भाग) चांगला ठेवला, की दोन हजार फोटो सहज होतात. लॅपटॉपवर असं काम लावलं की पहिले टप्पे छान जातात, आणि पॉइंट क्लाउडला पोचल्यावर मेमरी संपते. यंत्र रॅमऐवजी एसएसडी वापरत (स्वॅप करत) घसटत राहतं, नाहीतर एक्झिट कोड १३७ देऊन प्रक्रिया मध्येच बंद पडते. इतका वेळ केलेलं काम तिथे अडकतं आणि गिऱ्हाईक सकाळी नकाशा मागत असतं. यापेक्षा मनस्ताप देणारी गोष्ट या कामात दुसरी नाही.

झिऑनला हे बंधन जवळजवळ नाही. इंटेलच्या माहितीनुसार तो १.५ टीबीपर्यंत मेमरी हाताळतो. एचपीचं झेड४४० किंवा डेलचं प्रिसिजन टॉवर ५८१० यांसारख्या वर्कस्टेशनमध्ये रॅमचे ८ स्लॉट असतात. १६ जीबीच्या आठ पट्ट्या लावल्या की १२८ जीबी होतात. शिवाय मेमरीचे चार चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटा) आहेत. डीडीआर४-२४०० वर सेकंदाला ७६.८ जीबी, तर लॅपटॉपचे दोन चॅनल डीडीआर४-३२०० वर ५१.२ जीबी देतात. इतके लॅपटॉप एकच पट्टी घालून विकले जातात की त्यांना यातलं निम्मंच मिळतं! लॅपटॉप आहे तोच ठेवायचा असेल तर आधी दुसरी पट्टी टाका, बाकीचं नंतर.

हे फोटो तुकड्यांत वाटून प्रक्रिया करायची आणि शेवटी जोडायचं, अशी स्प्लिट-मर्जची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि लॅपटॉपवाल्यांना ती उपयोगी पडते. माझा अनुभव असा की जोडावर उंचीचा फरक राहिला आहे का ते तपासत बसावं लागतं. खाणीतल्या मुरूम-खडीचं घनफळ काढायचं असेल तर मला ते चालत नाही. तिथे सेंटिमीटरचे पैसे होतात.

दुसरी गोष्ट झिऑनला चालणाऱ्या ईसीसी मेमरीची, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीची. दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक बिट उलटा झाला तर तो जागीच दुरुस्त होतो, दोन झाले तर निदान कळतं तरी. ५८००एच च्या लॅपटॉपमध्ये ही सोय मिळत नाही. रात्रभर चालणाऱ्या कामात मला ती हवीच वाटते.

उष्णतेबद्दल सांगायचं तर लॅपटॉप प्रोसेसरचं नुसतं नाव वाचून काही ठरवता येत नाही. कंपनी ५८००एच ला ३५ पासून ५४ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. पातळ लॅपटॉपमधला आणि जाडजूड गेमिंग लॅपटॉपमधला ५८००एच नावाने एकच, पण तासाभराच्या भारानंतर दोघांचा वेग वेगळा. झिऑनवर मोठा हीटसिंक आणि पंखा असतो, वेग पहाटेपर्यंत तोच राहतो. एप्रिल-मे महिन्यातल्या सांगलीच्या उकाड्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

विजेच्या बाबतीत मात्र झिऑन महाग पडतो. पूर्ण भारावर माझं वर्कस्टेशन भिंतीतून २०० वॅटच्या आसपास ओढतं, म्हणजे दहा तासांत दोन युनिट. लॅपटॉप त्याच्या निम्म्याहून कमी. आणि लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, वर्कस्टेशन त्याच क्षणी बंद. चांगला यूपीएस धरूनच बजेट करा, नाहीतर पावसाळ्यात रडकुंडीला याल. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्सही नाही, कार्ड वेगळं घालावं लागतं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही पिढी नाही. मी उबुंटू वापरते, त्यावर सगळं नीट चालतं.

पाचशे फोटोंच्या आतली कामं असतील आणि गावोगाव फिरून शेतकऱ्याला बांधावरच नकाशा दाखवायचा असेल, तर ५८००एच आणि ६४ जीबी रॅम पुरेसे आहेत. हजाराच्या वर जात असाल तर १२८ जीबी आणि २६८० व्ही४. लॅपटॉप मी विकलेला नाही. उड्डाण झाल्यावर जागेवरच फोटो तपासायला तोच लागतो.

सेकंडहँड वर्कस्टेशन घेताना त्याचा बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) व्ही४ प्रोसेसर ओळखतो का ते विचारा, कारण जुन्या बायॉसमध्ये फक्त आधीच्या पिढीचा व्ही३ चालतो. पट्ट्या रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरच्या मेमरीचा प्रकार) असल्याची खात्री करा आणि साध्या पट्ट्यांसोबत मिसळू नका. चार किंवा आठच्या संख्येत लावा, म्हणजे चारही चॅनल वापरात येतील. आणि पैसे देण्याआधी दुकानातच मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या. १२८ जीबीला तिला बरेच तास लागतात. दुकानदाराला तशी आधी कल्पना द्या आणि यंत्र रात्रभर तिथेच चालू ठेवायला सांगा.