रास्पबेरी पाय ४ चा इथरनेट पोर्ट : शीतगृहातील दोन हंगामांनंतर

निफाड तालुक्यातील माझ्या मावसभावाच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये दोन शीतखोल्या आहेत. त्यांतील तापमानाची नोंद दर मिनिटाला घेऊन घराशेजारच्या कचेरीत पाठवण्याचे काम दोन हंगामांपासून एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच छोट्या पाटीवर (बोर्डवर) बसवलेला संगणक, करत आहे. या बोर्डाच्या प्रोसेसरविषयी आणि मेमरीविषयी भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे फक्त त्याच्या तारेने होणाऱ्या नेटवर्क जोडणीचा, म्हणजे इथरनेट पोर्टचा, अनुभव मांडतो. वाय-फायचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडला, कारण शीतखोलीच्या भिंतींना पफ (फोम भरलेले) पॅनेल असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना पत्रा असतो आणि दार बंद झाले की आतला मोबाइलसुद्धा मुका होतो. शिवाय या बोर्डाच्या यूएसबी ३ पोर्टला ड्राइव्ह जोडला, तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायला त्याचा त्रास होऊ शकतो, हे जाणकारांना ठाऊक आहे.

या पोर्टचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या थोरल्या भावंडांकडे पाहावे लागते. २०१६ सालच्या पाय ३ वर इथरनेट होते, पण ते यूएसबीच्या एका चिपमधून आलेले आणि सेकंदाला १०० मेगाबिटांचे होते. त्यामुळे पेन ड्राइव्ह आणि नेटवर्क दोघेही एकाच अरुंद बोळातून ये-जा करत. २०१८ च्या ३ बी प्लसवर गिगाबिट (१००० मेगाबिट) असे लिहिलेले होते खरे, पण बोळ तोच राहिल्याने प्रत्यक्ष वेग ३०० मेगाबिटांच्या आसपास अडकत असे. जून २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ मध्ये इथरनेट थेट मुख्य चिपशी जोडले गेले आणि यूएसबीचा वाटा संपला. दोन मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डने (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या तयार केबलने) लॅपटॉपशी जोडून मी मोजणी केली, तेव्हा सलग तासभर ९३५ ते ९४० मेगाबिट मिळाले. एवढ्या लहान पाटीकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

आता खरी गोष्ट अशी की, तापमानाचे चार आकडे पाठवायला गिगाबिट लागत नाही, आणि आमची पहिली मोठी अडचण नेमकी या जास्तीच्या वेगातूनच उभी राहिली.

पहिल्या हंगामात, मार्चच्या अखेरीस, दुपारी एक ते चारच्या दरम्यान कचेरीतील आलेखात खंड पडू लागले. रात्री सारे सुरळीत चाले. भावाने फोन करून विचारले, "तुझं ते यंत्र जेवण झालं की वामकुक्षी घेतं का रे?" मला प्रथम बोर्डाचीच शंका आली आणि ती चुकीची होती, हे कबूल करतो. कंप्रेसरजवळची उष्णता, स्वस्त अ‍ॅडॅप्टर, मेमरी कार्ड या क्रमाने मी दोन दिवस घालवले. पुरवठ्याचा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, तर हा बोर्ड त्याची नोंद ठेवतो. तशी नोंद नव्हती. तापमान ८० अंशांकडे गेले की तो स्वतःचा वेग कमी करतो. तेही झालेले नव्हते.

नंतर मी कर्नेलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदी उघडल्या, ज्या मी पहिल्या तासातच उघडायला हव्या होत्या. तेथे सारे वेळेसह लिहिलेले होते: दुपारी एकनंतर जोडणी तुटली, काही सेकंदांनी १ गिगाबिटवर पुन्हा लागली, पुन्हा तुटली, कधी १०० मेगाबिटवर येऊन थोडा वेळ टिकली आणि चारनंतर आपोआप शांत झाली. 'इथटूल' या आज्ञेने त्या क्षणाचा वेग दिसतो, आणि 'आयपी' आज्ञेच्या आकडेवारीत चुकीच्या पॅकेटांची (माहितीच्या तुकड्यांची) मोजणी दिसते. सकाळी शून्यावर असलेली ती मोजणी दुपारी शेकड्यांनी वाढत होती. या बोर्डाला माझ्याकडून सर्वांत जास्त गुण मिळतील ते याच गोष्टीसाठी. तो गप्प बसून बंद पडत नाही, आपली तक्रार स्पष्ट लिहून ठेवतो. ती वाचण्याची तसदी मात्र आपण घ्यायची असते.

येथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. इथरनेटच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांना त्यांतील दोनच पुरतात, गिगाबिटाला मात्र चारही लागतात. दोन यंत्रे वेग ठरवण्याची प्राथमिक बोलणी करतात, तीही पहिल्या दोन जोड्यांवरूनच. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्या आजारी असल्या, तरी बोलणी यशस्वी होतात, दोघेही "गिगाबिट" म्हणून होकार देतात आणि प्रत्यक्ष काम सुरू झाले की फसतात. मग पुन्हा बोलणी, पुन्हा होकार, पुन्हा तूट. काही चिप थोड्या प्रयत्नांनंतर शहाणपणाने खालच्या वेगावर उतरतात. एखादा जुना १०० मेगाबिटांचा बोर्ड त्याच केबलवर कदाचित वर्षानुवर्षे निर्धास्त चालला असता आणि आम्ही केबलची तारीफ केली असती.

दोष बोर्डाचा की तारेचा हे ठरवण्याची सोपी रीत म्हणजे छोटी, खात्रीची केबल लावून पाहणे. स्विच (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) शीतखोलीजवळ आणून दोन मीटरच्या कॉर्डने जोडला आणि भर दुपारी पाहिले, तर एकही तूट नाही. दोषी ठरली ती पॅकहाऊस ते कचेरी अशी पत्र्याच्या छपरावरून नेलेली सुमारे ८० मीटरची केबल. तिच्यावर कॅट ६ (केबलची वरची प्रत) असे ठळक छापलेले होते. मी टोकाची एक तार सोलून चाकूने खरवडली, तेव्हा तांब्याचा पातळ थर निघून आत पांढरा धातू दिसला. ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार होती. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा दीडपटीहून अधिक असतो, तार ठिसूळ असते आणि तापली की तोटा आणखी वाढतो. ८० मीटर लांबी, त्यात छपराचा पत्रा आणि मार्च महिन्याची दुपार, असे सारे एकत्र आले, तेव्हा गिगाबिटाचे गणित कोलमडले. दुकानदाराने ती "चांगल्यातली" म्हणून दिली होती आणि आम्हीही किंमत पाहून खूश झालो होतो.

वायरमनच्या हातातील आठ दिव्यांच्या टेस्टरने या केबलला पूर्ण पास केले होते, हे येथे नमूद करायला हवे. तो टेस्टर एका टोकाची तार दुसऱ्या टोकाला पोहोचते का एवढेच पाहतो. धातू कोणता, तोटा किती, जोड्या योग्य आहेत का, यांतले काहीही त्याला कळत नाही. जोड्यांचा हाच घोटाळा आम्हाला कॅमेऱ्याच्या केबलच्या एका तुकड्यात सापडला. तेथे कोणीतरी रंग ओळीने लावले होते: केशरी, हिरवा, निळा, तपकिरी, प्रत्येकाची जोडी शेजारीशेजारी. दोन्ही टोके सारखी असल्याने टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळलेल्या जोडीची असावी लागते. ओळीने लावल्यावर ती दोन वेगळ्या जोड्यांत विभागली जाते, पीळ निरुपयोगी ठरतो आणि एका संदेशाचा गोंगाट दुसऱ्यात मिसळतो. योग्य क्रमात हिरव्या जोडीच्या दोन तारांमध्ये निळी जोडी बसते. दिसायला ते विचित्र वाटते, पण तेच बरोबर आहे.

नवी केबल येईपर्यंत हंगाम थांबणार नव्हता, म्हणून मी बोर्डाला १०० मेगाबिटांचीच बोलणी करायला लावले. त्या क्षणापासून दुपारची तूट थांबली. असे करताना एक पथ्य पाळावे. वेग सक्तीने ठोकून बसवण्यापेक्षा बोलणी चालू ठेवून फक्त गिगाबिटाचा पर्याय काढून टाकावा, कारण एका बाजूने सक्ती आणि दुसऱ्या बाजूने बोलणी असा प्रकार झाला, तर दुसरी बाजू अर्ध-द्विमार्गी (एका वेळी एकाच दिशेने बोलण्याची) पद्धत धरून बसते. मग जोडणी 'चालू' दिसते, पण रखडत चालते, आणि हा दोष शोधायला तुटलेल्या तारेपेक्षा जास्त वेळ लागतो. एप्रिलमध्ये शुद्ध तांब्याची केबल पाइपातून जमिनीखाली टाकली आणि बोर्ड पुन्हा गिगाबिटवर आणला.

यानंतरच्या दोन अडचणींत तारेचा काही दोष नव्हता. पहिली माझ्याच हाताने घडली. बोर्डाला नेटवर्कमधला कायमचा पत्ता देण्यासाठी मी सवयीप्रमाणे हे काम पूर्वी पाहणाऱ्या 'डीएचसीपीसीडी' या प्रोग्रामची फाइल बदलली आणि काहीच फरक पडला नाही. २०२३ मध्ये आलेल्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून रास्पबेरी पायच्या प्रणालीत हे काम नेटवर्क मॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रामकडे गेले आहे, आणि इंटरनेटवरील असंख्य जुन्या लेखांना याचा पत्ता नाही. पुढे योग्य जागी पत्ता दिला, तर तोच पत्ता कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला दिलेला निघाला. दोघांपैकी कधी एक दिसे, कधी दुसरा. बोर्डावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तार आणि दिवे ठीक असूनही पत्ता देणारा राउटर उत्तर देत नाही, असे समजावे. दिसणारा पत्ता बरोबर असून जोडणी लहरीपणा करत असेल, तर प्रथम दुसऱ्या मालकाचा शोध घ्यावा. आता आम्ही पत्ता राउटरमध्येच राखून ठेवतो आणि बोर्डावर काहीही लिहीत नाही.

दुसरी अडचण मला या बोर्डाची खरी उणीव वाटते. पाय ४ वर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. तो वेळ नेटवर्कवरून घेतो. वीज गेली आणि परत आली, पण राउटर जागा व्हायला वेळ लागला, तर बोर्ड मागच्या नोंदलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. सुरक्षित संकेतस्थळांशी संपर्क करताना प्रमाणपत्रांच्या तारखा तपासल्या जातात, त्यामुळे घड्याळ फार मागे असेल, तर संपर्क नाकारला जातो आणि वरवर पाहणाऱ्याला नेटवर्कच बंद वाटते. अंकांचा पत्ता पिंग होतो (पोहोच तपासणीला उत्तर देतो), नावाचा पत्ताही सापडतो, तरी माहिती जात नाही, असे दिसले की मी आता प्रथम तारीख पाहतो. भारनियमन असलेल्या गावात हे वर्षातून दोनदा घडणारे कौतुक नाही, ते आठवड्याचे आहे. आम्ही शेवटी घड्याळाची छोटी चिप वेगळी घेऊन बोर्डाच्या पिनांवर बसवली. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाय ५ वर घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त बॅटरी वेगळी घ्यावी लागते. निव्वळ इथरनेटच्या वेगासाठी मात्र पाय ५ घेण्याचे कारण नाही, तो दोन्हींवर गिगाबिटच आहे.

विजेच्या कडकडाटाविषयीही लिहिले पाहिजे. मे महिन्यातील वळिवाच्या एका पावसात जवळच वीज पडली आणि स्विचचा जो पोर्ट पॅकहाऊसकडे जात होता तो कायमचा गेला. बोर्ड मात्र वाचला. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि मानकानुसार त्यांनी १५०० व्होल्टचा दाब सहन करावा अशी अपेक्षा असते. पण विजेला ही मर्यादा ओलांडणे अवघड नाही, म्हणून बोर्ड वाचण्याचे श्रेय मी नशिबालाही देतो. दुसऱ्या हंगामाआधी दोन इमारतींमधला तांब्याचा दुवा काढून तेथे फायबर (वीज न वाहणारी, प्रकाशावर चालणारी तार) टाकले आणि दोन टोकांना प्रकाशाचे पुन्हा इथरनेट करणारे दोन मीडिया कन्व्हर्टर बसवले. खर्च बोर्डाच्या किमतीहून अधिक झाला. दोन वेगळ्या मीटरच्या, वेगळ्या अर्थिंगच्या इमारती तांब्याने जोडायच्याच नाहीत, हे आता आमच्याकडे पक्के आहे.

किरकोळ तक्रारीही आहेत. केबलमधूनच वीज द्यायची असेल, तर चार पिना तयार आहेत, पण त्यासाठी वेगळी पाटी विकत घ्यावी लागते. इथरनेट आणि यूएसबी यांच्या जागा आधीच्या पिढीच्या तुलनेत अदलाबदल झालेल्या असल्याने पाय ३ ची डबी उपयोगी पडत नाही. आम्ही घेतलेल्या डबीत प्लगची खिट्टी अशी अडकते की काढताना स्क्रू-ड्रायव्हर लागतो, आणि तिचा काठ जॅकवरचे दोन दिवे अर्धे झाकतो. दिवे हे निदानाचे पहिले साधन असल्याने डबी निवडताना ते दिसतात का हे पाहावे.

या हंगामात जानेवारी ते एप्रिल या काळात जोडणी तुटल्याच्या नोंदी एकूण सहा आहेत आणि सहाही वेळा वीज गेलेली होती. अ‍ॅल्युमिनियमच्या त्या केबलचा वीतभर तुकडा भावाने कचेरीच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. परवा पंपाच्या वायरचे बंडल आणायला आम्ही दोघे पिंपळगावला गेलो होतो, तेव्हा पैसे काढण्याआधी त्याने खिशातून चाकू काढला आणि दुकानदाराला म्हणाला, "जरा टोक द्या इकडं."