‘तुमची मांजर सापडलीय’ असा फोन आला तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा

८,४५० रुपये गेले. आधी १,५००, मग ४,२००, मग २,७५०. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे कामाचं आहे.

चिंगी सटकली त्या दिवशी शेजारी घर बदलत होते, सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा होता. मी पोस्टरवर आणि झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘टेम्पोत चढली असण्याची शक्यता’ असं लिहिलं. सोबत गेल्या दिवाळीतला फोटो, माझा नंबर आणि ५,००० रुपये बक्षीस. थोडक्यात, त्या भामट्याची गोष्ट मीच लिहून दिली. पण घरातलं जनावर बेपत्ता असताना माणूस माहिती देईल की लपवेल?

फोन आला. “ताई, तुमची मांजर टेम्पोतनं आमच्या गोडाऊनला आलीय, चाकणला. पाय मोडलाय बिचारीचा.” बक्षिसाचं विचारलं तर म्हणतो, “छे छे, मुक्या जीवाचे पैसे घेऊ का मी?” तिथेच विरघळले. तुम्हीही विरघळला असता. पैसे मागणारा लबाड असतो, एवढं आपल्याला कळतं. नको म्हणणाऱ्यावर संशय घ्यायला कुणी शिकवलेलं नसतं. एक्स-रेचे १,५०० त्यानं ‘डॉक्टरांनाच थेट’ द्यायला सांगितले आणि क्यूआर कोड पाठवला.

मग फोटो. स्टीलच्या टेबलावर चिंगी, मागच्या पायाला बँडेज, गळ्यात लाल पट्टा. सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, “अगं, पट्टा कसा हिच्या गळ्यात?” पट्ट्यानं मानेवरचे केस गेले, फोड आला, म्हणून तो गणपतीआधीच मी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापून टाकला होता. मी, माझ्या हातानं! आणि मी म्हणते काय, “आई, आत्ता नको.” कारण पलीकडे तो सांगत होता की डॉक्टर निघालेत, ऑपरेशनचे ४,२०० आत्ता आले तरच थांबतील. आता तो फोटो मोठा करून बघते. पट्ट्याच्या घुंगरावर आमच्या आकाशकंदिलाचा नारिंगी उजेड आहे. जनावरांच्या दवाखान्यात आकाशकंदील! माझाच फोटो उचलून मोबाइलवर बँडेज चिकटवलेलं. हल्ली असलं काम शाळेतली पोरंही करतात.

२,७५० घरी आणून सोडण्याच्या गाडीचे. त्यानंतर फोन बंद.

चिंगी कुठे मिळाली? आमच्याच इमारतीच्या पंपाच्या खोलीत, पाइपांमागे, पाय धडधाकट. वॉचमनला आवाज आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. तेव्हा चाकण सोडा, आधी जिने, गाड्यांखाली, पंप, बंद गोदरेज कपाटंसुद्धा बघा. रात्री, शांत झाल्यावर, बॅटरी घेऊन. भेदरलेली मांजर हाकेला ओ देत नाही.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न: “पर्शियन होती का?” देशी म्हटल्यावर पेन खाली. “मॅडम, इथं माणसं हरवतात.” अहो, मी मांजर शोधायला आलेच नव्हते, पैसे लुबाडल्याची तक्रार द्यायला आले होते! मग म्हणे, गोडाऊन चाकणचं ना, तिकडच्या हद्दीत जा. गोडाऊनच खोटं आहे तर हद्द कसली? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपासाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या नव्या कायद्याच्या, कलम ३१८ मध्ये फसवणूक आहे आणि त्यात मांजराचा अपवाद कुठेही नाही. हे मी म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या खेपेला चिंगी सापडल्याचं त्यांच्या कानावर गेलेलं. “मिळाली ना? मग तक्रार कशाची?” शेवटी साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर कपाळाला आठ्या. बँकेत तर एकच पाठ केलेलं वाक्य: पिन तुम्हीच टाकलाय. हो, मीच टाकला! गळ्यावर सुरी ठेवली असती तरच फसवणूक म्हणायची का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. चौकीत मला बाकावर ताटकळत ठेवलं, पण हे एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, हाताशी ठेवा, ॲपमध्येच असतो. कॉल रेकॉर्ड करा. पोस्टरवर एक खूण मुद्दाम गाळा, शेपटीचं टोक, तळव्यावरचा ठिपका, काहीही, आणि फोन करणाऱ्याला तीच विचारा. व्हिडिओ कॉलशिवाय रुपया नाही, ‘नेटवर्क नाही’ म्हणाला तर नाहीच नाही. खरा दवाखाना असेल तर गूगलवरून त्याचा नंबर स्वतः शोधून फोन लावा, त्यानं दिलेला नको. आणि घरातलं म्हातारं माणूस पट्ट्याबद्दल विचारत असेल तर फोन ठेवून आधी त्याचं ऐका.

चाकणचं गोडाऊन आणि मोडलेला पाय, हीच गोष्ट ऐकून आणखी कुणी पैसे दिले असतील तर लाजू नका, आपापल्या यूटीआरसकट अर्ज करा. एकटीचे ८,४५० त्यांना किरकोळ वाटतात. चार-पाच अर्ज एकाच क्यूआरवर आले तर किरकोळ म्हणता येणार नाही.