तालची बालिसाँग सुरी: पातं झकास, कडी सैल

भाचा बोटीवर असतो. त्याने फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातल्या ताल गावाहून आणली. दोन मुठी खिळीवर फिरतात आणि मिटल्या की पातं पोटात घेतात. तिथली बालिसाँग नावाची वाडीच या सुऱ्यांसाठी नावाजलेली आहे.

पातं गाडीच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे आपले लोहार कोयत्याला वापरतात तेच पोलाद. धार विचारू नका! तासगावच्या वखारीत बेदाण्याच्या पेट्या हिनेच फोडतो. पण लिंबू कापून तशीच ठेवली की काळी पडते, पुसून खोबरेल लावावंच लागतं.

मुठी पितळेच्या, त्यात म्हशीचं शिंग बसवलेलं. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. खाचेत आतल्या बाजूला मात्र कानशीचे ओरखडे तसेच आहेत. मला ते आवडले. यंत्राच्या मालात ते कुठून येणार? मिटलेल्या मुठी अडकवायची कडी सैल आहे, हिसका बसला की उघडते. खिळी ठोकलेल्या असल्याने स्क्रूसारखं घरी आवळताही येत नाही.

साच्यातल्या स्वस्त नकलांपुढे हाताने घडवणाऱ्यांचा टिकाव लागणं कठीणच. मिरजेच्या शिकलगारांनी तलवारी सोडून सतारी बनवायला घेतल्या, हात कामात राहिला. तालच्या कारागिरांना गिऱ्हाईकच हवं.

कुणी तिकडे जाणार असेल तर घ्या, पण चेक-इनच्या बॅगेत टाका. खिशात घेऊन मिरवू नका, तिथेही कारणाशिवाय बाळगायला बंदी आहे. पाचपैकी चार तारे, एक कडीपायी कापला.