ग्रॅहम १९८५: सांगलीत चाखलेली जुनी विंटेज पोर्ट

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी विश्रामबागेतील मित्राच्या घरी आम्ही सहा जणांनी ग्रॅहम या पोर्ट बनवणाऱ्या घराण्याची १९८५ ची विंटेज पोर्ट उघडली. आमच्यापैकी चौघे तासगाव आणि पलूस भागातील द्राक्षबागायतदार आहेत. थंडीचा महिना मुद्दाम निवडला होता, कारण ही वाइन १६ ते १८ अंश तापमानालाच खुलते आणि सांगलीचा उन्हाळा तिला मुळीच मानवत नाही.

आपल्याकडे पोर्ट म्हटले की स्वस्त, गोड लाल वाइन डोळ्यांसमोर येते. तिचे आणि हिचे साम्य नावापुरतेच आहे. खरी पोर्ट पोर्तुगालमधील डोरो खोऱ्यातली. या प्रदेशाची हद्द १७५६ सालीच आखून देण्यात आली. द्राक्षांचा रस आंबत असताना, त्यातली बरीच साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांपासून काढलेला सुमारे ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओततात. त्याने यीस्ट मरते, गोडवा तसाच राहतो आणि वाइनची तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास जाते. विंटेज पोर्ट उत्तम हंगामातील एकाच वर्षाच्या द्राक्षांची असते आणि लाकडी पिंपात दोन-तीन वर्षेच राहते; पुढची सारी दशके ती बाटलीत मुरते. गाळल्याशिवाय भरल्यामुळे बाटलीच्या तळाशी जाड साका बसतो.

या साक्यासाठी बाटली दोन दिवस उभी ठेवली होती. बूच काढताना मात्र आमची चूक झाली. चाळीस वर्षांच्या बुचाला दोन पात्यांचे साधन लागते. आम्ही नेहमीचा स्क्रू वापरला आणि बूच मध्येच तुटले. मग बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरून, मलमलीच्या कापडातून, वाइन अतिशय सावकाश काचेच्या सुरईत ओतली आणि साका मानेपर्यंत येताच हात थांबवला.

लगेच घेतलेल्या पहिल्या घोटाने निराशा केली, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मद्यार्काचा भपका पुढे आणि फळ दबलेले. दोन तासांनी तीच वाइन ओळखू येईना. मध्यभागी अजून गडद आणि कडेला विटकरी झालेल्या त्या रंगातून आलुबुखार, सुके अंजीर आणि कोकोचा वास येत होता व त्यामागे पुदिन्यासारखा एक गारवा होता. बेदाणा करणाऱ्या एका सोबत्याने डोळे मिटून सांगितले की, शेडमध्ये जाळीवरचा माल उतरायला आला की शेवटच्या दोन दिवसांत जो वास भरतो, तो याच्या अगदी जवळचा आहे. त्यानंतर मला दुसरे वर्णन सुचले नाही. वाइनची चव कशी सांगावी, असा प्रश्न बेदाण्याच्या जिल्ह्यात पडू नये, असे मला मनापासून वाटते.

गोडव्यावरून मतभेद झाले. ग्रॅहमची शैली इतर घराण्यांच्या मानाने गोडच आहे आणि एका मित्राला ती जड वाटली. मला तसे वाटले नाही, कारण घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना जाणवणारा तुरटपणा गोडीला आवर घालत होता आणि चव मिनिटभर तरी टिकून होती. सोबत अक्रोड आणि खारट, कडक चीज उत्तम जुळले. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र या वाइनबरोबर चुकूनही ठेवू नयेत. पेढा वाइनपेक्षा गोड असल्याने पुढचा घोट पातळ आणि आंबूस लागतो.

साका वगळता प्रत्येकाच्या वाट्याला शंभर मिलिलिटरहून थोडी अधिक वाइन आली. किंमत मोठी आहे, पण सहा जणांनी मिळून घेतल्यास ती मला योग्य वाटते, मात्र तीन तासांची सवड हाताशी हवी. थोडी वाइन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती: अंजीर आणि गोडवा जागेवर होते, पुदिन्याचा गारवा मात्र पूर्ण गेला होता.