आठ महिने पॉनीबरोबर: १/४८ रेझिन किटचा अनुभव

पॉनी या फवारणीच्या विमानाच्या मॉडेलचं हे किट, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाचं. ते आलं तेव्हा गणपती बसायला चार दिवस होते. आज हे लिहितोय तेव्हा शेजारच्या झाडाच्या कैऱ्या उतरवून झाल्यात. खोकं उघडल्या संध्याकाळीच विचारलं असतंत, तर मी पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. सुटे भाग ट्रेमध्ये ओळीने मांडलेले, थ्री-डी प्रिंटच्या रेघा जवळजवळ दिसत नाहीत, सीटचे पट्टेसुद्धा कोरलेले. आता तीन देतो. का, ते सांगतो.

विमान आहे पायपर पीए-२५ पॉनी. लढाऊ विमानांचे किट मिळतात ढिगाने, पण शेतावर औषध मारणाऱ्या विमानाकडे कोण बघतो! हे अमेरिकन विमान १९५९ पासून विकलं जायला लागलं आणि १९८१ पर्यंत पाच हजारांवर बनली. रचना फ्रेड वाइक यांची. १९५० साली टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी एजी-१ नावाचं खास फवारणीचं विमान उडवून दाखवलं होतं, त्यातूनच पुढे पॉनी आली. त्याआधी फवारणीला युद्धातली उरलेली दुपंखी विमानं वापरायचे. त्यांत टाकी पुढच्या सीटच्या जागी बसवायची आणि वैमानिकाने मागून, जमेल तसं बघायचं. वाइक यांनी वैमानिकाला उंचावर बसवलं, टाकी त्याच्या पुढे ठेवली आणि नाकाकडची नळ्यांची चौकट अशी केली की आपटल्यावर ती टप्प्याटप्प्याने चेपत जाईल, धक्का तिथेच जिरेल. पॉनीच्या पाठीवरचं ते कुबड, म्हणजे उंच बसवलेलं कॉकपिट, शोभेचं नाही, हे मॉडेल करताना डोक्यात पक्कं हवं. कुबड बसकं झालं की पॉनी गेली.

किटमध्ये कुबड झकास उतरलंय. हे श्रेय द्यायलाच हवं.

माझी नोकरी यंत्रभागांच्या तपासणीत गेली, त्यामुळे किट आलं की आधी मापं घ्यायचा व्हर्नियर निघतो. बायको म्हणते, खेळण्याला पण तुम्ही रिजेक्ट करणार. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ११.०२ मीटर, म्हणजे १/४८ ला २२९.६ मिलिमीटर. किटचे पंख मधल्या जोडासकट २२९ भरले, वा! लांबी ७.५३ मीटर, म्हणजे १५७ हवी. भरली १५३. चार मिलिमीटर नाकात कमी. कागदावर चार मिलिमीटर काही नाही, पण कुबडापुढचं नाक आखूड झाल्यामुळे विमान बेडकासारखं दिसायला लागतं. इंजिनाच्या मागच्या भिंतीपाशी करवतीने काप घेतला, दोन-दोन मिलिमीटरचे प्लास्टिकचे तुकडे घातले आणि पुट्टी मारून घासलं. तीन रविवार गेले. पुढचा फिरता पंखाही (प्रोपेलर) बुटका: खरा ८४ इंची, म्हणजे प्रमाणात ४४ मिलिमीटर व्हायला हवा, किटमध्ये ४० चा होता. पितळी पत्र्याची दोन पाती कापून नवा केला.

दुसरी चूक मात्र मला जास्त लागली. खोक्यावर लिहिलंय 'पॉनी डी', आणि नाकावर, टाकीच्या पुढे, इंधनाचं झाकण कोरलंय. आधीच्या पॉनीत पेट्रोलची टाकी खरंच इंजिन आणि औषधाची टाकी यांच्या मधोमध असायची. डी मॉडेल १९७४ चं, आणि त्यात पेट्रोल पंखांत नेलं. म्हणजे नाकावर झाकण नको, दोन्ही पंखांवर एकेक हवं. एका विमानावर दोन काळ! मी सरळ उलटं केलं: पंख तसेच ठेवले, झाकण तसंच ठेवलं, आणि मॉडेल आधीच्या २३५ अश्वशक्तीच्या पॉनीचं ठरवलं. डीचे डीकल, म्हणजे चिकटवायची अक्षरं-चिन्हं, डब्यात पडून आहेत. कुणाला हवे असतील तर सांगा, पण मग झाकण घासून काढायची तयारी ठेवा.

आता कापडाचं. पॉनीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांत अॅल्युमिनियमच्या फासळ्या, वरून कापड ताणून डोप (कापड ताठ करणारं लॅकर) लावलेलं. खऱ्या विमानावर हे कापड डफासारखं ताठ असतं. किटवाल्याने मात्र दोन फासळ्यांमध्ये इतका खोलगा दिलाय की पंख दुष्काळातल्या बैलाच्या बरगड्या वाटतात. मिस्टर सरफेसर १००० या प्रायमरचे चार हात आणि प्रत्येक हातानंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासणं, एवढं केल्यावर ते शांत झालं. मग फासळ्यांवरच्या कापडी पट्ट्या परत आणायच्या. खरी पट्टी दोन इंची धरली, तर आपल्याकडे एक मिलिमीटर होते. टामियाची मास्किंग टेप पोलादी पट्टीवर एकेक मिलिमीटरने कापून चिकटवली, वरून सरफेसरचा पातळ फवारा. हा भाग मला सगळ्यात आवडला. रात्री जेवण झाल्यावर तासभर बसायचो, रोज चार-पाच पट्ट्या.

फवाऱ्याच्या दांडीची गोष्ट वेगळीच झाली. किटमध्ये पंखांखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दांडी आहे, तिच्यावर सारख्या अंतराने, सारख्या तोंडाने नोझल. बसवली, छान दिसली. दिवाळीत पिंपळगावहून दाजी आले. द्राक्षबागायतदार, आयुष्य ब्लोअरमागे (बागेतल्या फवारणी यंत्रामागे) गेलेलं. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "टोकाचं औषध जातं कुठं?" मी म्हटलं, खाली. "खाली कसं जाईल? पंखाच्या टोकाला वारा वर गोल फिरत असणार. बागेत ब्लोअर फिरताना दिसतंय ना आम्हाला. निम्मं शेजाऱ्याच्या शेतात." त्या रात्री दांडी काढली. दाजींचं बरोबर होतं. पंखाच्या टोकाला भोवरे तयार होतात आणि तिथलं औषध उडून जातं, म्हणून दांडी पंखविस्ताराच्या पाऊण भागापर्यंतच ठेवायची रीत पडली. जुन्या विमानांवर ती टोकापर्यंत गेलेली दिसते, तेव्हा किटवाल्याचं अगदीच खोटं म्हणता येणार नाही. पण मी समोर ठेवलेल्या फोटोत ती आखूडच होती, आणि दाजी पुन्हा येणार होते.

त्याहून गमतीची गोष्ट पोटाखाली. पुढचा पंखा वैमानिकाच्या बाजूने बघितलं तर उजवीकडे फिरतो, आणि त्याच्या वाऱ्याने पोटाखालचं औषध उजवीकडून डावीकडे सरकतं. मग पिकात एक पट्टा जास्त भिजतो, एक कोरडा राहतो. त्यावर उपाय म्हणून पोटाखाली डावीकडचे एक-दोन नोझल काढतात आणि उजवीकडे वाढवतात. मी तसं केलंय. मॉडेल बघणाऱ्यांपैकी तिघांनी आतापर्यंत 'इथे एक गळून पडलंय' असं सांगितलं. सांगू देत.

नोझल अर्ध्या मिलिमीटरच्या एव्हरग्रीन कंपनीच्या प्लास्टिक काडीचे, एकूण ३४. प्रत्येकाला खाली सुईने टोचा. पोटाखाली पंप असतो, त्याला स्वतःचा छोटा पंखा, विमान उडायला लागलं की वाऱ्यानेच फिरणारा. तो किटमध्ये आहे आणि अप्रतिम आहे. जे नाही ते म्हणजे तार. कॉकपिटच्या माथ्यावरून शेपटीच्या शेंड्यापर्यंत एक तार ताणलेली असते, विजेची तार कॉकपिटवरून सरकत मागे आली तर तिने शेपटीत अडकू नये म्हणून. समोरच्या काचेच्या मधोमध तार कापायचं पातंही असतं. शेतावर दहा फुटांवरून उडणाऱ्याला विजेच्या तारा हाच मोठा शत्रू. ही दोन्ही नसतील तर पॉनी अर्धवट. मी तारेसाठी लवचीक बारीक दोरा वापरला, पातं ब्लेडच्या कोपऱ्यातून कापलं.

आता महिने गेल्यावरच कळतात त्या गोष्टी. पारदर्शक रेझिनची कॉकपिटची काच पहिल्या दिवशी पाण्यासारखी होती. जानेवारीपर्यंत तिला चहाचा रंग चढला. कपाट खिडकीजवळ, दुपारचं ऊन येतं. सुदैवाने पॉनीच्या काचा बहुतेक सपाट किंवा एकाच दिशेला वळलेल्या, त्यामुळे ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) जुन्या पारदर्शक शीटमधून नव्या कापल्या आणि पांढऱ्या फेविकॉलने बसवल्या. सुपरग्लू लावू नका, काच धुरकट होते. दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये उजवा पंख टोकाला खाली झुकला. नाशकात चाळीसच्या पुढे पारा गेल्यावर पातळ रेझिन किती दम धरणार? गरम पाण्यात बुडवून सरळ केला, पण परत झुकेल म्हणून पंखाच्या पुढच्या कडेत खाच पाडून पितळी तार बसवली. जो कुणी घेईल त्याने हे जोडणीच्या आधीच करावं. पंखावरचे व्ही आकाराचे आधारही रेझिनचे देऊन ठेवलेत. त्यांनी काहीही आधार मिळत नाही, पितळी नळीचे करा.

रंग सप्टेंबरच्या परतीच्या पावसात मारायची घाई केली, ती माझीच चूक. हवेतल्या दमटपणाने लॅकरवर पांढरट झाक आली, सगळा हात उतरवावा लागला. डिसेंबरात पांढरा आणि लाल मारला. मळवताना तोफा-बंदुकांच्या काजळीची सवय विसरावी लागते. इथे डाग औषधाचे: दांडीच्या मागून सुरू होऊन पोटाखाली शेपटीपर्यंत गेलेले पिवळट, कडा सुकलेल्या पाण्यासारख्या. टाकीच्या झाकणाभोवती ओघळ, कारण भरताना सांडतंच. ५७० लिटरची टाकी घाईत भरणारा माणूस फडक्याने पुसत बसत नाही. इंजिनाच्या धुराड्यामागे शिशाच्या पेट्रोलची राखाडी-मातकट झाक.

किंमत कुरिअर आणि कर धरून सहा हजारांच्या वर गेली. नाक आखूड असल्याचं बनवणाऱ्याला फोटो आणि मापांसकट कळवलं. उत्तर आलं की फाइल तपासतो. त्याला आता सहा महिने झाले. पहिलंच रेझिन किट करणाऱ्याने घेऊ नये. दोन-तीन केलीत आणि करवत हातात धरायची भीती नाही, तर घ्या, कारण या मापात इतकं चांगलं कुबड मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

नाकासाठी आणलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यातला बराच उरलाय. त्यावर एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) बसंत विमानाच्या आडव्या चौकटी आखून ठेवल्यात. १९७२ साली उडालेलं ४०० अश्वशक्तीचं आपलं फवारणीचं विमान, पंखविस्तार १२ मीटर, म्हणजे अडीचशे मिलिमीटर बरोबर. त्याचं किट नाही, त्यामुळे चूक झाली तर कळवायलाही कुणी नाही. दाजींना फोन केला होता. ते म्हणाले, दांडी बसवायच्या आधी बोलव.