सांगितल्यावरच भुंकणे : हिंगणा मार्गावरील श्वान प्रशिक्षण वर्गाविषयी

राखणीचे प्रशिक्षण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुत्र्याचे चावणेच येते. वास्तविक आज्ञेवर भुंकणे आणि आज्ञेवर गप्प होणे हाच त्याचा पाया आहे, आणि तो कसा घातला जातो यावरून प्रशिक्षकाची पारख करावी, असे माझे मत आहे. नागपुरात हिंगणा मार्गालगत एका खासगी मैदानावर भरणाऱ्या वर्गात आम्ही आमचा जर्मन शेफर्ड ब्रूनो घातला, तो त्याचे पक्के दात आल्यानंतर. त्याआधी चौकशीला गेलो असता, दुधाचे दात पडत असताना ओढाओढीचा खेळ नको, असे सांगून प्रशिक्षकांनीच आम्हांला परत पाठवले होते. शुल्क हाती येत असतानाही थांबा म्हणणाऱ्या माणसावर माझा तेथेच विश्वास बसला.

भुंकायला शिकवण्याची त्यांची रीत सविस्तर सांगण्यासारखी आहे. सुरुवात घरीच होते. जेवणाचे भांडे हातात धरून उभे राहायचे आणि अधीर झालेल्या पिल्लाच्या तोंडून एक भुंकणे निघाले की त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणून भांडे खाली ठेवायचे. ते हमखास निघू लागल्यावर त्याच्या आधी ‘बोल’ हा शब्द जोडायचा. पुढे मैदानावर त्याला छातीच्या रुंद हार्नेसने खांबाला बांधतात. गळपट्ट्याने बांधत नाहीत, कारण गळा आवळला की आवाजही दबतो. समोर हेल्पर, म्हणजे परक्या माणसाची भूमिका करणारा प्रशिक्षकांचा मदतनीस, गोणपाटाची गुंडाळी घेऊन येतो. तो ब्रूनोच्या डोळ्यांत पाहत नव्हता. अंग तिरके ठेवून, गुंडाळी जमिनीलगत सळसळवत दूर पळत होता. ब्रूनो आधी नुसता ओढत राहिला, मग चिरक्या आवाजात केकाटला, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. चारही पाय रोवून तो छातीतून एकदाच भरदार भुंकला, तेव्हा मात्र गुंडाळी लगेच त्याच्या तोंडात आली. एका भुंकण्याचे दोन, दोनाचे चार, असे ते पुढे वाढवत नेतात.

शहरात अन्यत्र मी पाहिलेल्या एका वर्गात कोवळ्या पिल्लावर काठी उगारून त्याला भुंकायला लावत होते. शेपूट पोटाशी घेतलेले, मानेवरचे केस उभे राहिलेले ते पिल्लू वारंवार मालकाकडे वळून पाहत होते. भीतीपोटी भुंकणारा कुत्रा पुढे दारी आलेल्या पोस्टमनवरही धावून जाऊ शकतो, म्हणून हा फरक मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत उगम पावलेल्या, पूर्वी शुट्झहुंड आणि २०१९ पासून आयजीपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्वान-चाचणीतही आडोशामागे स्थिर उभ्या असलेल्या हेल्परला कुत्र्याने न चावता, सलग भुंकत रोखून धरायचे असते. येथील प्रशिक्षकांना हे नेमके ठाऊक आहे. म्हणूनच ‘बोल’ पक्के होत असतानाच ते ‘बस’ (म्हणजे पुरे, गप्प हो) ही आज्ञा शिकवतात आणि गप्प झाल्याचेही बक्षीस देतात. सदनिकेत राहणाऱ्यांना तर दुसरी आज्ञाच अधिक उपयोगी पडते. आमच्या शेजाऱ्यांची तक्रार त्यामुळेच आली नाही.

उणिवाही आहेत. मैदानावर सावली जवळजवळ नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याचे शरीर थंड होते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. वर्ग पहाटे भरतो हे योग्यच. परंतु आधीच्या तुकड्या लांबल्या की शेवटच्या कुत्र्यांची पाळी उन्हात येते. तेथे किमान हिरवी जाळी आणि पाण्याचे टाके असायला हवे. शुल्क महिन्याचे एकरकमी घेतात आणि बुडालेले दिवस भरून देत नाहीत, हेही मला पटले नाही. शिवाय घरच्या सरावाच्या सूचना तोंडीच मिळतात. त्या लिहून दिल्यास घरातील सर्वजण एकच शब्द वापरतील.

तरीही ब्रूनोला आम्ही तेथेच ठेवणार आहोत. स्लीव्हवरचा, म्हणजे हेल्परच्या हातावरच्या जाड संरक्षक बाहीला चावण्याचा, सराव त्याचे अंग भरल्यावरच, असे प्रशिक्षकांनी सांगितले आहे, आणि आम्हांला कसलीही घाई नाही.